आवरणं आणि सावरणं

दिंडोरी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी दुसरीला शिकवत होते, तेव्हाची गोष्ट. डिसेंबर होता, द्राक्षबागांमध्ये डिपिंगचे, म्हणजे घड औषधाच्या द्रावणात बुडवण्याचे दिवस. पहाटे अंधारातच पिकअप गाड्या भरून मजुरांच्या टोळ्या बागांकडे जायच्या आणि त्यांची पोरं आपापली उठून, थंड पाण्याने तोंड धुऊन शाळेत यायची. त्या दिवशी मधल्या सुट्टीत व्हरांड्यात खिचडीची पंगत बसली होती. एका मुलीने एका मुलाची जागा घेतली, एवढंच निमित्त झालं आणि त्याने तिची थाळी लाथेने उडवली. खिचडी पार भिंतीपर्यंत गेली. मी त्याला सगळ्यांसमोर फडकं आणायला लावलं, फरशी पुसायला लावली, मुलीची माफी मागायला लावली. त्याने एक शब्द न बोलता फरशी पुसली. पुटपुटत माफीही मागितली. मला वाटलं, चला, समजलं याला.

त्यानंतर चार दिवस तो पंगतीत बसलाच नाही. ‘भूक नाही’ म्हणायचा. पाचव्या दिवशी त्याची आई काम बुडवून शाळेत आली. दारातच उभी राहून म्हणाली, ‘‘बाई, तो बहिणीला भरवतो. पहिलीत आहे ती. तिला हाताने नीट खाता येत नाही, म्हणून मीच त्याला बजावलंय, तिच्याजवळच बसत जा. आता दोघंही उपाशी घरी येतात.’’ त्याची गेलेली जागा म्हणजे बहिणीशेजारची जागा होती.

त्याचा राग बरोबर होता आणि लाथ चूक होती. मी दोन्हींना एकाच फडक्याने पुसून टाकलं. तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या हातून झालेल्या चुकांमध्ये ही सगळ्यात मोठी नसेल, पण सगळ्यात जास्त शिकवून गेलेली मात्र हीच.

मराठीत दोन क्रियापदं आहेत, आवरणं आणि सावरणं. राग आवर, रडू आवर, हात आवर. तोल सावर, स्वतःला सावर. आवरताना आत काहीतरी कोंडलं जातं. सावरताना पडता पडता तोल परत येतो. दुसऱ्याला आवरायचं तर आपण त्याला अडवतो, सावरायचं तर आधार देतो. त्या मुलाने त्या दिवशी आवरलं. सावरायला त्याला कोणीतरी लागणार होतं, आणि तिथे मोठं माणूस एकच होतं, मी. मी तर त्याला आणखी ढकललं होतं.

हे सगळं आज लिहायचं कारण असं की, मुलांच्या भावनांचा विषय आता सरकारी कागदावर आला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सामाजिक आणि भावनिक शिक्षणाचा उल्लेख आहे. २०२२ मध्ये आलेल्या पायाभूत स्तराच्या अभ्यासक्रम आराखड्यात भावनिक विकासाला भाषा-गणिताच्या बरोबरीने जागा दिली आहे. दिल्लीच्या सरकारी शाळांमध्ये २०१८ पासून आठवीपर्यंत ‘हॅपिनेस’चा तास सुरू झाला. आपल्याकडे २०२४ मध्ये ‘आनंददायी शनिवार’ आला. त्यात श्वसनाची तंत्रं आहेत, खेळ आहेत, नातेसंबंध हाताळण्याचं कौशल्यही आहे. मी या सगळ्याचं मनापासून स्वागत करते. मी डी.एड. झाले तेव्हा ‘मुलांच्या भावना’ हे शब्द फक्त बालमानसशास्त्राच्या पेपरात यायचे आणि पेपरासोबतच संपायचे.

पण गेल्या दोन-तीन वर्षांत नाशिकच्या शाळांमध्ये जे बघते, त्याने जीव थोडा कासावीस होतो. भिंतीवर हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचे तक्ते लागले आहेत. शनिवारी सकाळी मुलं डोळे मिटून दीर्घ श्वास घेतात, त्याचे फोटो काढून ग्रुपवर टाकले जातात. आणि सोमवारी त्याच वर्गात, पाढा चुकलेल्या मुलीला ‘हिचं डोकं म्हणजे खोकं’ म्हटलं जातं आणि सगळा वर्ग हसतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेइतकाच मानसिक छळही निषिद्ध ठरवला आहे. छडी बऱ्याच अंशी गेली, हे मी स्वतः पाहिलं आहे. वर्गासमोर केलेला पाणउतारा मात्र अजून शिस्तीच्या नावाखाली सुखाने नांदतो. शनिवारी मुलाला श्वास घ्यायला शिकवायचा आणि इतर पाच दिवस तो श्वास कोंडायला लावायचा, याला भावनिक शिक्षण म्हणता येणार नाही.

म्हणून माझं म्हणणं असं आहे: प्राथमिक शाळेतल्या मुलाला भावना सावरायला शिकवायचं असेल, तर पहिला खर्च, पहिला वेळ आणि पहिलं प्रशिक्षण त्याच्यासमोर उभ्या असलेल्या मोठ्या माणसासाठी हवं. उपक्रम, तक्ते, ॲप सगळं त्याच्या मागून.

यामागे भाबडी माया नाही, शरीराची रचना आहे. मेंदूचा पुढचा भाग, जो थांबतो, तोलतो, ‘आता नको’ म्हणतो, तो पिकायला वयाची विशी उलटून पंचविशीच्या आसपास यावं लागतं. सात वर्षांच्या मुलात तो अगदी कोवळा असतो. धोक्याची घंटा वाजवणारा आतला भाग मात्र जन्मापासून कामाला लागलेला असतो. म्हणजे घंटा आहे, पण ती थांबवणारा हात अजून पुरता वाढलेला नाही. तोपर्यंत मूल काय करतं? शेजारच्या मोठ्या माणसाकडून शांतपणा उसना घेतं. तान्हं बाळ आईच्या छातीशी गेलं की शांत होतं, ती या उसनवारीची सुरुवात. पहिलीतलं मूल पडल्यावर आधी बाईंच्या चेहऱ्याकडे बघतं आणि मग रडायचं की उठायचं ते ठरवतं, हीसुद्धा तीच उसनवारी. हजारदा उसनं घेतल्यावर कुठे ते स्वतःचं होतं. ज्याच्याकडून घ्यायचं त्याच्याकडेच शिल्लक नसेल, तर देणार काय?

आता त्या मोठ्या माणसाकडे बघू. कायद्याने प्राथमिक शाळेत तीस मुलांमागे एक शिक्षक, आणि साठ मुलांपर्यंत दोन. कागदावर हे प्रमाण चांगलं दिसतं. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांवर त्याचा अर्थ असा होतो की, दोन शिक्षक आणि चार-पाच इयत्ता. एक जण पंचायत समितीच्या बैठकीला किंवा मतदार यादीच्या कामाला गेला की सगळी शाळा एकाच्या गळ्यात. एका खोलीत पहिली आणि दुसरी, पलीकडे तिसरी-चौथी, मधे ऑनलाइन माहिती भरायचा निरोप, पोषण आहाराची नोंद आणि तांदळाचा हिशोब. अशा वेळी कोपऱ्यात एक मूल मुसमुसायला लागलं तर शिक्षकाच्या तोंडून ‘गप्प बस’ हेच येणार. मीही ते शेकडो वेळा म्हटलं आहे. तो शिक्षक दुष्ट नसतो, तो भागलेला असतो.

‘गप्प बस’ ऐकून गप्प बसणाऱ्या मुलाला आपण शहाणं म्हणतो. पालकसभेत किती आई-वडील मला अभिमानाने सांगायचे, ‘आमचा काही त्रास देत नाही हो, अगदी शहाणा आहे.’ अशा काही शहाण्या मुलांची मला काळजी वाटायची. मुलगा असेल तर रडायचं नाही, मुलगी असेल तर चिडायचं नाही, ही आपल्या घराघरांतली वाटणी आहे. मग मुलगा रडू येतं तेव्हा मारतो आणि मुलगी राग येतो तेव्हा तिच्या पोटात दुखतं. दुसरी-तिसरीतल्या मुलांचं ‘पोटात दुखतंय’ हे मी पुढे पुढे फार गंभीरपणे ऐकायला लागले. दर वेळी ओवा द्यायचा नसतो, आज शाळेत काय आहे हे विचारायचं असतं. बऱ्याचदा चाचणी असते.

भावना सावरणं म्हणजे राग मारून टाकणं, असा अर्थ कुणी काढू नये, याची मला सगळ्यात जास्त भीती आहे. नाशिकमध्ये राहून रागाबद्दल लिहायचं आणि काळाराम मंदिराचा सत्याग्रह विसरायचा, हे मला जमणार नाही. २ मार्च १९३० ला पंचवटीत तो सुरू झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नेतृत्व होतं. याच जिल्ह्यातल्या आंबे-दिंडोरीचे दादासाहेब गायकवाड तो पुढे रेटत होते. मंदिराची दारं बंद झाली, सत्याग्रहींवर दगड आले, लढा वर्षानुवर्षं चालला. त्या माणसांच्या मनात राग नव्हता असं कोण म्हणेल? राग होता, न्याय्य होता आणि त्यांनी त्याला दिशा दिली. चौथीच्या मुलांना हा इतिहास सांगताना मी त्यांना विचारायचे, ‘ह्यांना राग आला असेल का?’ मुलं एकसुरात ‘हो’ म्हणायची. ‘मग त्यांनी त्या रागाचं काय केलं?’ या प्रश्नावर वर्गात जी शांतता पसरायची, ती मला कुठल्याही ध्यानापेक्षा मोलाची वाटायची. आपल्या शाळेत जातीवरून कुणाला टोमणा बसला आणि ते मूल पेटून उठलं, तर त्याला ‘दहा आकडे मोज’ म्हणून बसवणं हा त्याच्यावर दुसरा अन्याय होईल. आधी टोमणा मारणाऱ्याकडे वळायचं, आकडे मग.

आता शब्दांविषयी, कारण वर्गात मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो शब्दांचा.

तक्त्यांवर बहुतेक चारच भावना असतात. आनंद, दुःख, राग, भीती. कधी पाचवं आश्चर्य. मुलांच्या मनात काय चाललंय हे मांडायला हे चार खण फार अपुरे आहेत, आणि आपल्या भाषेत तर कोठार भरलेलं आहे. रुसणं घ्या. रुसायला समोर कुणीतरी लागतं आणि आपला रुसवा काढायला ते येईल, अशी आत कुठेतरी खात्री लागते. ज्याला कुणी नाही, तो रुसत नाही. हिरमुसणं वेगळं, त्यात आधी एक आशा असते आणि ती मोडते. ओशाळणं म्हणजे आपली चूक आपल्यालाच दिसणं. बावरणं, भांबावणं आणि भेदरणं या तिन्हींना आपण सरसकट भीती म्हणतो, पण नव्या शाळेत आलेलं मूल बावरतं, एकदम चार सूचना दिल्या की भांबावतं आणि घरी आरडाओरडा ऐकून आलेलं मूल भेदरलेलं असतं. शिवाय चिडणं, वैतागणं, धुसफुसणं, फुरंगटणं, खट्टू होणं, गलबलून येणं.

यातल्या प्रत्येकाचा उतारा वेगळा आहे. रुसलेल्याच्या जवळ जायला हवं. वैतागलेल्याला थोडं एकटं सोडायला हवं. ओशाळलेल्याकडे काही वेळ बघायचंच नाही, बघितलं की ते आणखी मिटतं. भांबावलेल्याला एकच काम द्यायचं. भेदरलेल्याजवळ नुसतं बसायचं. शब्द कळला की निम्मा रस्ता कळतो, शिक्षकालाही आणि मुलालाही. २००७ मध्ये कॅलिफोर्नियात झालेल्या एका प्रयोगात प्रौढ माणसांच्या मेंदूची चित्रं घेतली होती. समोरच्या चेहऱ्यावरच्या भावनेला नाव दिलं की मेंदूतल्या त्या धोक्याच्या घंटेची हालचाल कमी होते, असं त्यात दिसलं. आपल्या आज्या हे मेंदूची चित्रं न काढताच करत होत्या. ‘काय झालं गं, हिरमुसलीस होय?’ एवढं कुणी विचारलं की आपल्या डोळ्यांत टचकन पाणी यायचं आणि मग बरं वाटायचं.

नोकरीच्या शेवटच्या सहा-सात वर्षांत मी वर्गात एक दोरी बांधली होती. तिच्यावर या शब्दांच्या पाट्या लावल्या आणि मुलांच्या नावाचे कपडे वाळत घालायचे चिमटे ठेवले. सकाळी आल्यावर ज्याला वाटेल त्याने आपला चिमटा हव्या त्या शब्दाला लावायचा. कारण विचारायचं नाही. पहिले दोन महिने सगळे चिमटे ‘आनंदी’वर असायचे. बाईंना तेच आवडत असणार, असा त्यांचा अंदाज, आणि तो आम्ही शिक्षकांनीच त्यांना करायला शिकवलेला. मग एके दिवशी मीच माझा चिमटा ‘वैतागलेली’वर लावला, कारण खरंच वैतागले होते. दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलं खरं लावायला लागली.

एका मुलीचा चिमटा तीन दिवस ‘भेदरलेली’वर होता. चौथ्या दिवशी तिला जवळ बसवून घेतलं. ती मळ्यात राहायची, घरी जायची वाट उसाच्या कडेने होती आणि त्या बाजूला बिबट्या दिसला होता. मोठी माणसं तिच्यासमोर त्याविषयी बोलत होती आणि संध्याकाळी तिला एकटीला त्याच वाटेने घरी जायचं होतं. नाशिक जिल्ह्यात ही भीती काल्पनिक नाही. तिला मी दीर्घ श्वास शिकवत बसले असते तर ती मला काय म्हणाली असती? त्या बाजूच्या मळ्यांतल्या पाच मुलांनी एकत्र जायचं आणि एका घरच्या आजोबांनी घ्यायला यायचं, असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी चिमटा हलला. मुलाची भावना ही बऱ्याचदा बातमी असते. बातमी आणणाऱ्याला शांत करून भागत नाही, बातमी ऐकावी लागते.

शब्दांच्या बाबतीत एक कबुली द्यायला हवी. हे सगळे शब्द पुस्तकी मराठीच्या अंगणातले आहेत. सुरगाण्या-पेठेतली मुलं घरी कोकणा बोलतात, कुठे वारली, कुठे भिल्ली बोली आहे. माणूस रागावतो, रडतो ते घरच्या भाषेत. पहिलीतल्या मुलाला आपली हुरहुर प्रमाण मराठीत सांगायला लावणं म्हणजे दुखणाऱ्या पायावर शर्यत लावणं आहे. माझ्या पाट्या सुरुवातीला फक्त माझ्याच भाषेत होत्या. मुलांच्या आया शाळेत आल्या की त्यांना विचारून मी त्यांचे शब्द खाली लिहीत गेले, आणि ते करायला मला लाज वाटावी इतका उशीर झाला. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकमध्येच आहे. आश्रमशाळांमध्ये सहा-सात वर्षांची मुलं घर सोडून वसतिगृहात राहतात. त्यांच्या रात्रीच्या रडण्याला कोणत्या भाषेत उत्तर मिळतं, हा प्रश्न आयुक्तालयाने तरी पाठ्यपुस्तकांइतकाच महत्त्वाचा मानला पाहिजे. त्यांच्या बोलीतून बोलणारी एक मावशी प्रत्येक वसतिगृहात असणं हे कोणत्याही भावनिक शिक्षणाच्या पुस्तिकेपेक्षा आधी यायला हवं.

दुसरी गोष्ट शब्द पाळण्याची. मार्शमेलो नावाच्या गोळीचा प्रयोग आता बऱ्याच पालकांना माहीत झाला आहे. मुलासमोर एक गोळी ठेवायची आणि ‘मी येईपर्यंत थांबलास तर दोन देईन’ असं सांगायचं. वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेत हे काम सुरू केलं, आणि त्यातून थांबू शकणारी मुलं पुढे यशस्वी होतात असा निष्कर्ष सगळीकडे पसरला. क्लासवाले तर त्यावर जाहिराती करतात. पुढे काय झालं ते कमी लोक सांगतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात अठ्ठावीस मुलं होती. गोळी ठेवण्याआधी संशोधकांनी मुलांना चांगले रंगीत खडू आणून देण्याचं कबूल केलं. निम्म्या मुलांना ते दिले, निम्म्यांना ‘सॉरी, नाहीत’ म्हणून सांगितलं. मग गोळी ठेवली. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला ती मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली, ज्यांना फसवलं गेलं ती तीन मिनिटं. २०१८ मध्ये मोठ्या संख्येने मुलं घेऊन तपासणी झाली तेव्हा गोळीवरून भविष्य सांगण्याची ताकद बरीच ओसरली आणि घरची परिस्थिती लक्षात घेतल्यावर तर फारच थोडी उरली.

हे वाचलं तेव्हा मला आमचा खेळाचा तास आठवला. ‘आज गोंगाट केला नाहीत तर शेवटच्या तासाला मैदानावर नेईन.’ किती वेळा म्हटलं असेन! आणि किती वेळा शेवटच्या तासाला एखादं परिपत्रक आलं, शुद्धलेखन राहिलं, आणि मैदान राहून गेलं. मुलं सुटताना दप्तरं आपटत जायची आणि मी म्हणायचे, पोरांना धीर म्हणून नाही. धीर मीच मोडला होता. संयम हा मुलाच्या अंगी असलेला किंवा नसलेला गुण आहे, असं आपण धरून चालतो. मुलाने जगाविषयी बांधलेला तो एक अंदाजही असतो. बागेतल्या कामासाठी वर्षात तीनदा गाव बदललेल्या, तीन शाळांमध्ये तीन बाईंचे शब्द ऐकलेल्या मुलाने हातात आलेलं लगेच खाऊन टाकलं, तर त्याचा अंदाज चुकलेला नाही. आणि खेळाचा तास कापणं ही शिक्षा तर पूर्ण बंदच व्हायला हवी. ज्याच्या अंगात राग मावत नाही, त्यालाच बसवून ठेवायचं, आणि धावून ज्याचा राग निवळला असता त्याच्याकडून ‘मी वर्गात दंगा करणार नाही’ शंभर वेळा लिहून घ्यायचं, हे कोणत्या शास्त्रात बसतं?

यावर मला नेहमी दोन आक्षेप ऐकू येतात.

एक म्हणजे, हे घरचं काम आहे, शाळेवर कशाला? घरचं आहेच. पण सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्या बापाचं घर डोळ्यांसमोर आणा. सिडकोतलं दोन खोल्यांचं घर. बाप रात्रपाळी करून सकाळी येतो आणि दुपारभर झोपतो. घरातला पहिला नियम असतो, ‘आवाज करू नका, पप्पा झोपलेत.’ आई दोन घरची कामं किंवा शिलाई करते. मुलाच्या हातात मोबाइल दिला जातो, कारण तेवढ्यानेच घर शांत राहतं. त्या आईला दोष देणं सोपं आहे, मला ते पटत नाही. निफाड-लासलगावकडे कांद्याचा भाव कोसळला किंवा गारपिटीने बाग झोपली, की घरातली बोलणी बदलतात आणि ती सगळ्यात आधी पहिली-दुसरीच्या वर्गात दिसतात, हे त्या भागातल्या कोणत्याही शिक्षकाला विचारा. अशा मुलासाठी शाळा हीच दिवसातली पाच-सहा तासांची एकमेव जागा असते, जिथे मोठ्या माणसाचा चेहरा रोज सारखा असू शकतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. असल्या कार्यक्रमांचा उपयोग होतो तरी का? प्रामाणिक उत्तर असं की, काहींचा होतो, काहींचा होत नाही. २०११ मध्ये दोनशे तेरा कार्यक्रमांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले गेले. दोन लाख सत्तर हजारांवर मुलं होती, बहुतेक अमेरिकेतली. मुलांची वागणूक सुधारली, अभ्यासातही चांगला फरक पडला, आणि बाहेरचे तज्ज्ञ न आणता शाळेतल्याच शिक्षकांनी घेतलेले कार्यक्रमही लागू पडले. उलट ब्रिटनमध्ये चौऱ्याऐंशी शाळांमधल्या अकरा ते चौदा वर्षांच्या आठ हजारांवर मुलांवर एक प्रयोग झाला. साधारण निम्म्या शाळांत सजगतेचे, म्हणजे माइंडफुलनेसचे, धडे दिले, बाकीच्यांत नेहमीचंच शिकवणं चालू ठेवलं. २०२२ मध्ये निकाल आला: नेहमीच्या शिकवण्यापेक्षा मुलांच्या मनःस्वास्थ्यात वेगळा फायदा दिसला नाही. ती मुलं मोठी होती, हे खरं. तरीही मला यातून एवढं नक्की दिसतं की, डोळे मिटून बसण्याचा तास वेळापत्रकात टाकला आणि बाकी शाळा होती तशीच ठेवली, तर फार काही होणार नाही. मुलाला दिवसभर कोण, कसं वागवतं यावर सगळं आहे.

म्हणून मागण्याही त्याच दिशेच्या आहेत. पहिली, सकाळची पंधरा मिनिटं. आपला परिपाठ ही फार चांगली गोष्ट आहे, पण राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष, बोधकथा असं सगळं ओळीने म्हणून घेताना एकाही मुलाशी शिक्षकाचं स्वतंत्र बोलणं होत नाही. परिपाठानंतर हजेरीपूर्वीची पंधरा मिनिटं कोणत्याही नोंदीविना, फोटोविना, निव्वळ मुलांकडे बघायला मोकळी ठेवावीत. कोण न खाता आलं, कोण झोपलं नाही, कोणाचा चेहरा उतरलाय, हे त्यात कळतं. चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊनंतर भरवण्याचा २०२४ चा निर्णय मला म्हणूनच पटला. निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर उतरलेला असताना अर्धवट झोपेत कुडकुडत आलेल्या मुलाला शिस्त कसली शिकवायची? झोप आणि पोटातलं अन्न यांच्याइतकं मन सावरणारं दुसरं काही नाही.

दुसरी मागणी माणसांची. एका शिक्षकाकडे दोन इयत्ता असलेल्या प्रत्येक पहिली-दुसरीत दुसरं मोठं माणूस हवं. ते पदवीधर असलंच पाहिजे असं नाही. गावातली, मुलांची बोली बोलणारी, मानधनावर नेमलेली बाई चालेल. एक मूल कोसळलं की एकाने त्याच्याजवळ बसायचं आणि दुसऱ्याने वर्ग सांभाळायचा, एवढं साधं गणित आहे. पैसे कुठून आणायचे, असं विचारतील. तक्ते, पुस्तिका आणि एकदिवसीय कार्यशाळांवरचा खर्च आधी मोजावा आणि मग बोलावं.

प्रशिक्षणाबद्दलही माझं म्हणणं कडक आहे. ‘मुलांचा राग कसा हाताळावा’ या विषयावर मी अनेक व्याख्यानं ऐकली. ‘तुम्हाला राग येतो तेव्हा तुम्ही काय करता’ असं मला नोकरीत एकदाही कुणी विचारलं नाही. केंद्रस्तरावरच्या शिक्षण परिषदेत शिक्षकांना हे बोलायला जागा द्या. ‘आज माझा तोल गेला’ असं केंद्रप्रमुखांसमोर न घाबरता म्हणता आलं, तर पुढचा तोल जाण्याआधी सावरेल. मुक्त विद्यापीठ नाशिकमध्ये आहे, आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकमध्ये आहे, जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहे. या तिघांनी मिळून जिल्ह्यातल्या शिक्षकांसाठी वर्षभर चालणारं, लहान गटांतलं काम उभं करणं अशक्य नाही. त्यातच हेही शिकवता येईल की, प्रत्येक चिडका मुलगा फक्त चिडका नसतो. एखाद्याला कमी ऐकू येतं, एखाद्याला अक्षरं उलटी दिसतात, एखाद्याच्या बाबतीत घरी काही भयंकर घडत असतं. शाळेत वर्षातून एकदा तपासणीला येणाऱ्या वैद्यकीय पथकाला त्याचं नाव शिक्षकानेच सुचवायचं असतं, आणि शेवटच्या प्रकारात १०९८ हा बालमदतीचा क्रमांकही शिक्षकानेच लावायचा असतो.

मी तोल गेल्यावर मुलांची माफी मागायला फार उशिरा शिकले. पहिल्यांदा मागितली तेव्हा तिसरीचा वर्ग अवाक झाला. ‘मी मघाशी ओरडले, ते चुकलं. मला राग दुसऱ्याच गोष्टीचा आला होता.’ एवढंच म्हटलं. माझा धाक जाईल अशी सहकाऱ्यांना भीती होती. आठवडाभराने दोन मुलांचं भांडण झालं आणि त्यातला एक माझ्याच शब्दांत दुसऱ्याला म्हणाला, ‘‘मला राग दुसऱ्याच गोष्टीचा आला होता.’’ तास घेऊन मी हे कधी शिकवलं नव्हतं.

त्या खिचडीवाल्या मुलाची माफी मात्र राहून गेली. त्याच्या आईशी बोलल्यावर मी त्याला बहिणीशेजारची जागा परत दिली. वर्गासमोर चूक कबूल करायला मला तेव्हा धजावलं नाही. फेब्रुवारीत टोळी पुढच्या गावाला गेली आणि दोघांची नावं हजेरीपटावर महिनाभर लाल शाईत राहिली. जूनमध्ये नवे वर्ग भरतील तेव्हा अशी मुलं पुन्हा कुठल्यातरी व्हरांड्यात पंगतीला बसतील, आणि वाढणाऱ्या माणसाला वरण-भाताबरोबर हेही बघायला वेळ असायला हवा, की कोण कुणाशेजारी बसलंय.